मागच्या बाजूचा गंज

सन २०२३. मी बाहत्तर वर्षांचा होतो आणि खालचा म्हातारा ऐंशीचा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून त्याला म्हातारा म्हणायचा हक्क मला आहे. तो मला काय म्हणायचा, ते सूनबाईनं कधी धड सांगितलं नाही.

तो आमचा घरमालक. म्हणजे माझ्या मुलाचा. मुलगा ड्युसेलडॉर्फला इंजिनियर, पण तिथलं भाडं परवडेना म्हणून राहायला झोलिंगेनला. रोज गाडीनं ये-जा. मी दरवर्षी व्हिसा देईल तेवढे तीन महिने त्यांच्याकडं. झोलिंगेन हे चाकूसुऱ्यांचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. मुलानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, निदान कामाची माणसं भेटतील.

मी लोहार, कराडकडचा. कोयते केले, विळे केले, पण नाव झालं ते अडकित्त्याचं. चौथीच्या वर्गात दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बापानं भात्यावर बसवलं. तेव्हापासून वाचायचं काम लोकांचं आणि करायचं काम आपलं, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली. वाचता येत नाही असं मात्र कुणापुढं म्हणालो नाही. कागद पुढं आला की सांगायचं, चष्मा विसरलो. चष्मा नाकावर असला तरी.

म्हाताऱ्याची आणि माझी गाठ पडली ती भांडणातूनच. पहिल्या वर्षी, एका रविवारी सकाळी मी खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करत बसलो होतो. दार वाजलं. दारात हा. उंच, वाळका, अंगात जाकीट, हातात कागद. कागद म्हणजे हाउसऑर्डनुंग, घरात कसं राहायचं त्याचे नियम. त्यानं एकेका ओळीखाली बोट धरून ते सूनबाईला वाचून दाखवले. रविवारी ठोकायचं नाही. भिंतीला भोक पाडायचं नाही. काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो.

"बाबा, ते म्हणतायत रविवारी इथे शांतता असते," सूनबाई म्हणाली.

"मग यांना सांग, शेंगदाण्याला रविवार कळत नाही."

तिनं काय सांगितलं कोण जाणे. तेवढ्यात त्याची नजर टेबलावरच्या माझ्या अडकित्त्यावर गेली आणि त्याची ओळ अर्ध्यात राहिली. त्यानं अडकित्ता उचलला. आधी उलटा केला, मग सुलटा. विचारलं, करणाऱ्याचं नाव कुठं आहे?

मी म्हटलं, "नाव कशाला? गावात सगळ्यांना ठाऊक आहे कुणी केलाय."

हे उत्तर त्याला अजिबात आवडलं नाही. पण अडकित्ता कानाशी धरून त्यानं तीनदा उघडला, तीनदा मिटला. सांध्याचा आवाज ऐकणारा माणूस मला वीस वर्षांत भेटला नव्हता. "गुट," म्हणाला, म्हणजे चांगलाय, आणि कागद तिथंच विसरून गेला.

त्याच रविवारी अकरा वाजता खालून आवाज यायला लागला. टक. टक. टक. दोन तास. मी सूनबाईला म्हटलं, आता तो कागद घेऊन तू खाली जा. ती हसत गेली आणि तोंडाचा आ करून परत आली. म्हाताऱ्याकडं दोनशेच्या वर घडीचे चाकू होते. दर रविवारी तो प्रत्येक चाकू एकदा उघडायचा आणि मिटायचा. त्याचं म्हणणं, स्प्रिंगला हाक मारली नाही तर ती विसरते.

"मी विचारलं हो बाबा, की मग हा आवाज चालतो का. तर म्हणाले, हा आवाज नाही. ही वार्टुंग आहे."

"म्हणजे?"

"देखभाल."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजता मी खाली जायला लागलो. सूनबाई घरून काम करते. तिला वेळ असला की ती बोलणं इकडचं तिकडं करायची. नसला की आम्ही दोघं हातांनी बोलायचो. लोखंडाबद्दल बोलायला तेवढं पुरतं.

चाकू सगळे अमेरिकेचे, जुने, शंभर-सव्वाशे वर्षांचे. कुणाची मूठ हाडाची, कुणाची शिंगाची, कुणाला दोन पाती, कुणाला चार. हा ज्या गावात राहतो तिथं गल्लीगल्लीत चाकू झाले, आणि हा समुद्रापलीकडचे गोळा करतो! आणि अमेरिका? अमेरिकेला तो आयुष्यात गेला नव्हता. का, तर विमानात चाकू बरोबर ठेवू देत नाहीत.

पात्याच्या मुळाशी, सांध्याजवळ, करणाऱ्याचा शिक्का असतो. त्या बोटाएवढ्या जागेवर म्हाताऱ्याचं सगळं शास्त्र. अमुक कारखान्याचं नाव आधी सरळ ओळीत असायचं, पुढं कमानीत आलं, म्हणजे हा चाकू आगीनंतरचा. कारण मधे कारखाना जळाला होता. तमुक कारखाना नदीच्या पाण्यावर चालायचा, तो काढला दोघा इंग्रजांनी आणि बुडवला त्यांच्या जावयानं. हे सगळं तो असं सांगायचा, जणू तो जावई काल संध्याकाळी जिन्यात भेटला होता.

करणाऱ्यांच्या नातवा-पणतवांना तो पत्रं लिहायचा. तिकडच्या गावांत त्या आडनावाची माणसं शोधायची आणि विचारायचं, आपल्या पणजोबांच्या डाव्या हाताला एक बोट कमी होतं काय? बऱ्याच जणांना वाटायचं, हा इस्टेटीत वाटा मागतोय. ते उत्तरच देत नसत. एक बाई मात्र अकरा वर्षं नाताळाला आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवत राहिली. बोटाबद्दल अक्षर नाही. म्हाताऱ्यानं ते अकरा फोटो फाइलीत लावून ठेवले होते. त्यात कुत्रं म्हातारं होत गेलेलं दिसतं.

कुठलाही चाकू हातात घेतला की म्हणायचा, "एर्स्ट लेझन, डान श्नायडन." आधी वाच, मग काप. वाचायचा रोज, कापायचा कधीच नाही. पाव कापायची त्याची सुरी सुपरमार्केटातली, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची. दोनशे चौदा चाकू घरात, आणि लोण्याला प्लास्टिक. एकही चाकू खिशात नसायचा. सगळे काचेच्या कपाटात हिरव्या कापडावर झोपलेले. हात लावायचा तर पांढरे मोजे घालून.

चाकू माझ्या पुढं धरून विचारायचा, वाच. मी शिक्का डोळ्याजवळ न्यायचो, जरा वेळ घ्यायचो आणि म्हणायचो, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. तो खूश व्हायचा. त्या एका शब्दावर मी तीन वर्षं काढली.

त्याची एक खोड मला तेव्हा कळली नव्हती. नवा चाकू आला की सगळे आधी शिक्क्याची पुढची बाजू बघतात, तिथंच नाव असतं. हा आधी मागची बघायचा. मागं बघून उजळायचा, आणि पुढं वळवलं की तोंड पाडायचा.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, गंजावरून. पात्यांवर काळे डाग, कुठं कुठं तांबूस पापुद्रे. माझे हात शिवशिवायचे. त्याचं म्हणणं, तो डाग म्हणजे चाकूचं वय. ते घासलं की चाकूचा इतिहास गेला, किंमतही गेली.

"आमच्यात गंजाला आळस म्हणतात, सांग त्यांना."

सूनबाईनं सांगितलं. त्यानं सांगितलेलं उत्तर तिनं जरा गाळून दिलं असावं. "बाबा, ते म्हणतायत तुम्ही हात खिशात ठेवा."

या सगळ्या चाकूंच्या वर, कपाटात एकटा, एक चाकू होता. तोच घराण्याचा. म्हाताऱ्याच्या पणजोबाचा थोरला भाऊ या घरातून अमेरिकेला गेला होता. त्यानं तिथं चाकूचा कारखाना काढला, अमेरिकेला घडीचा चाकू शिकवला तो आमच्या घरानं, असं म्हातारा दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांना सांगायचा. पुरावा म्हणजे हा चाकू. शिक्क्यात त्या भावाचं नाव, खाली न्यूयॉर्क. त्या वर्षी त्यानं पितळेची ओतीव पाटी करून घेतली होती, उठावाच्या अक्षरांची. ती घराच्या भिंतीवर लावायची. गावात इतिहास जपणारं एक मंडळ आहे, ते लोक ऑक्टोबरातल्या एका शनिवारी येऊन चाकू बघणार, आणि पाटीला हो म्हणणार. पाटी त्यानं मला इतक्या वेळा बोट धरून वाचून दाखवली होती की झोपेत म्हटली असती. पहिल्या ओळीत भावाचं नाव. दुसरीत, या घरातून तो अमेरिकेला गेला. तिसरीत, आणि तिथं त्यानं चाकू घडवले.

त्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यात म्हातारा ड्रेस्डेनला बहिणीकडं गेला. किल्ली माझ्याकडं दिली, कुंड्यांना पाणी घालायला. आणि सोमवारी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला लोहाराच्या घरात काय असतं ते मी सांगायला नको. सगळी हत्यारं घासायची, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी हत्यार गंजकं राहिलं तर वर्षभर माणसाला तोंड दाखवायला जागा नाही. मी अडकित्ता पुजला, विळी पुजली. मुलाचा लॅपटॉप ठेवला, त्यावर सूनबाईनं कुंकवाचं बोट कागद ठेवून लावलं. मग मला खाली दोनशे चौदा हत्यारं दिसायला लागली. जन्मात पूजा न झालेली. सगळी आणायची तर दसरा उलटला असता. म्हणून एकच आणलं, घरचं, थोरलं. मला वाटलं, मी त्याच्यावर उपकार करतोय.

झीरो नंबरचा पॉलिश पेपर, तेल, मऊ कापड. पात्याचा काळा डाग तासाभरानं उतरला. धारही लावून टाकली, हात चालूच होता म्हणून. मग मुळाशी आलो. पुढच्या बाजूला शिक्का स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. मागच्या बाजूला तांबडा जाड थर, नेमका शिक्क्याएवढ्या जागेत. दोन हातांत निघून आला.

तिथं माझा हात थांबला. शंभर वर्षांचा गंज असा निघत नाही. तो काळा पडतो, पोलादात मुरतो. हा कोवळा होता. मिठाच्या पाण्याचा बोळा कुणी वरचेवर लावला की असा धरतो. हा गंज चढलेला नव्हता, चढवलेला होता.

आणि त्याखाली सात अक्षरं होती. इंग्रजीतला एकच शब्द मला वाचता येतो आणि लिहिता येतो. मुलगा इथं आल्यापासून दर दिवाळीला मी त्याला फराळाचं पार्सल पाठवायचो, पोस्टात बसून पत्ता मुलाच्या कागदावरून अक्षर अक्षर बघून काढायचो. शेवटच्या ओळीतला शब्द सात वर्षांत हातात बसला. जर्मनी.

मागून सूनबाई आली. "अहो बाबा! हा त्यांचा तोच चाकू ना? काय करून ठेवलंत हे!" तिनं तो उचलला, उलटा केला आणि खुर्चीत बसली. तिनं फोनवर शोधून मला सांगितलं ते असं. तेव्हा अमेरिकेतले व्यापारी इथल्या गावात चाकू करून घ्यायचे आणि वर आपलं नाव मारायचे. पुढं तिकडं कायदा झाला, बाहेरून आलेल्या मालावर देशाचं नाव हवं. म्हणजे थोरल्या भावानं अमेरिकेत कारखाना काढलाच नव्हता. दुकान काढलं होतं. चाकू इथंच होत होते.

"मागच्या अंगणात ती जुनी शेड आहे ना, तिथं," मी म्हटलं. "मागं राहिलेला धाकटा, म्हाताऱ्याचा पणजोबा, करत असणार."

रात्री जेवताना मुलगा डोकं धरून बसला. "बाबा, हा चाकू म्हणजे त्यांचा जीव आहे हो. ते आपल्याला क्युंडिगुंग देतील. घर सोडायची नोटीस. इथे दुसरं वोनुंग मिळायला वर्ष जातं."

"गुपचूप ठेवून द्यायचा का जागेवर?" सूनबाई म्हणाली. "पुढची बाजू वर करून?"

"चकाकतोय तो. आंधळ्याला दिसेल," मुलगा म्हणाला.

मी म्हटलं, "हात माझा लागलाय, मी सांगीन." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पण माफी मागायची सवय मला नाही. सूनबाईनं त्यासाठी एक जर्मन शब्द शिकवला, एन्टशुल्डिगुंग. एवढा लांब शब्द असेल तर हे लोक माफी मागतात तरी कशी! चार दिवस घोकला. गंजाचं मात्र कुणाला बोललो नाही. ते दोघांना कळलंही नसतं, आणि ते गुपित माझं नव्हतंच.

शुक्रवारी संध्याकाळी म्हातारा परतला. आम्ही खाली गेलो. मी चाकू रुमालात गुंडाळून नेला होता, तो टेबलावर ठेवला. घोकलेला शब्द ऐन वेळी निम्माच आला. सूनबाईनं बाकीचं सांगितलं, खंडेनवमीसकट.

त्यानं पांढरे मोजे घातले नाहीत. चाकू उचलला आणि पहिल्यांदाच आधी पुढची बाजू बघितली. खूप वेळ. मागची बघितलीच नाही, अंगठा तिथं ठेवून बसला. मग माझ्याकडं न बघता सूनबाईला काहीतरी विचारलं.

"बाबा, ते विचारतायत, मागे काय आहे ते तुम्ही वाचलंत का."

त्याचा अंगठा पांढरा पडला होता, इतका दाबलेला. उद्या मंडळ येणार होतं. पाटी कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली होती.

मी म्हटलं, "सांग त्यांना, मला वाचता येत नाही. आणि तूही मागं बघितलेलं नाहीस."

सूनबाई माझ्याकडं बघत राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली तिच्या, हे वाक्य तिनं माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं. मग तिनं ते जर्मनमधे सांगितलं.

म्हाताऱ्यानं आता माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तीन वर्षं माझे शिक्के बघून मान डोलावत होतास."

"मान डोलवायला वाचता यावं लागत नाही."

हे ऐकून तो हसला की खोकला, कळलं नाही. अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली. "तूच लावलीस?"

"हो."

"गुट," म्हणाला. आणि चाकू मिटून कपाटात न ठेवता खिशात टाकला.

शनिवारी अकराला मंडळाचे पाच जण आले. पुढारी म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, तिनं केक आणला होता. सूनबाई माझ्या कानाशी भाषांतर करत होती. बाईंनी चाकू हातात घेताच विचारलं, हा इतका चकचकीत कसा?

"वरच्या मजल्यावर एक कारागीर आहे, त्याच्या धर्मात असं करतात," म्हातारा म्हणाला. मग चाकू त्यांच्याकडून घेऊन त्यानं उघडला. "एर्स्ट लेझन." पुढची बाजू वाचली, भावाचं नाव, न्यूयॉर्क. बाई वहीत लिहायला लागल्या. माझ्या मनात आलं, आता मिटेल. मिटला नाही. उलटा केला आणि सात अक्षरांचा तो शब्द मोठ्यानं वाचला.

तो सांगत राहिला. हे त्याला एकोणचाळिसाव्या वर्षीच कळलं होतं. मीठ आणि व्हिनेगर लावून गंज त्यानंच धरवला होता, दर दोन वर्षांनी परत. आणि तेव्हापासून तो अमेरिकेचे चाकू घेत होता, भावाच्या नावाचा असा एक तरी मिळावा की ज्याच्या मागं हा शब्द नाही. दोनशे तेरा घेतले. मिळाला नाही. मागची बाजू आधी बघायची त्याची खोड मला तेव्हा उमगली.

शिक्षिकाबाई केक कापता कापता थांबल्या. "म्हणजे हा चाकू इथं झाला? या अंगणात?"

"हो," तो खाली मान घालून म्हणाला.

"पण हे तर उत्तमच! अमेरिकेतला कारखाना आम्हाला काय करायचाय? आपल्या गावचा माल न्यूयॉर्कात विकला जात होता, हे हवं आम्हाला!" पाचही जण एकदम बोलायला लागले. कुणी चाकूचे फोटो काढले, कुणी शेड बघायला गेलं. त्यांच्या आनंदानं म्हातारा लालबुंद झाला. एक्केचाळीस वर्षं जीव टांगून जे लपवलं, ते लपवण्याजोगं नव्हतंच, हे त्याला केकच्या तुकड्याबरोबर कळत होतं. त्यानं केक खाल्ला नाही. फळांच्या परडीतून सफरचंद घेतलं, त्या चाकूनं त्याच्या चार फोडी केल्या आणि एक माझ्यापुढं सरकवली. धार झकास लागली होती, मी सांगतो म्हणून नव्हे.

जाताना बाई एवढंच म्हणाल्या, पाटी लावा, फक्त तिसरी ओळ चुकीची आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात म्हातारा, जाकीट घालून, बगलेत पाटी. दुसऱ्या हातात शेडमधली पणजोबाची कानस, दात अजून जिवंत असलेली. मला अंगणात घेऊन गेला. टेबलाला शिकंजा आवळलेला होता. त्यानं पाटी त्यात धरली, कानस माझ्या हातात दिली आणि बाजूला झाला. कुठली ओळ, ते बोटानं दाखवलं नाही.

मी तिसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला.

"एर्स्ट लेझन," तो म्हणाला.

"वाचलं," मी मराठीतच म्हणालो. चष्मा नाकावर होता.

कानस पितळेवर पहिल्यांदा फिरली तसा सगळ्या गल्लीत आवाज घुमला. समोरची खिडकी उघडली आणि कुणी बाई रविवार, रविवार म्हणून ओरडायला लागली.

"वार्टुंग!" म्हातारा वर बघून तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, आणि पाटी हलू नये म्हणून त्यानं दोन्ही हातांनी दाबून धरली.